आवाज असो की प्रकाश, दोघंही ब्रिक्स मोजत नाहीत: सिरप लाइनच्या मीटरबद्दल

प्रश्न थोडक्यात असा. जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात इन्स्ट्रुमेंटला लागून दोन वर्षं झालेल्या एका मुलानं विचारलंय की क्वाडच्या (रस आटवणाऱ्या चार भांड्यांच्या संचाच्या) शेवटच्या बॉडीतून निघणाऱ्या सिरपच्या लाइनवर रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाश किती वाकतो त्यावरून ब्रिक्स काढणारा मीटर) बसवलाय, तो लॅबपेक्षा दीड-दोन ब्रिक्स (म्हणजे वजनानं विरघळलेल्या साखरेचे टक्के) कमी दाखवतोय, केमिस्ट म्हणतोय मीटर चुकतोय, वरचे साहेब म्हणतायत हा काढा आणि अल्ट्रासॉनिक (आवाजाच्या वेगावर चालणारा मीटर) बसवा. तर काय करावं, आणि तसलाच अल्ट्रासॉनिक पुढं डिस्टिलरीत स्पिरिटच्या लाइनला चालेल का.

भावा, तू वयानं लहान आहेस म्हणून एकेरीत लिहितोय, राग मानू नको. मी ह्या कामात चोवीस वर्षं काढली, साखर झाली, डिस्टिलरी झाली, दूध झालं, इचलकरंजीला सायझिंगच्या खळीचं काम केलं, शिरोलीत कूलंटसाठी हिंडलो. आधी तुझं उत्तर देतो आणि मग कारण सांगतो. मीटर काढू नको. सिरपला रिफ्रॅक्टोमीटरच बरोबर आहे, आणि स्पिरिटला मात्र तुझ्या साहेबांचं म्हणणं बऱ्यापैकी बरोबर आहे. एकच माणूस एका लाइनला चूक आणि दुसऱ्या लाइनला बरोबर कसा, हे कळलं की सगळं कळलं.

मुळात एक गोष्ट डोक्यात पक्की बसव. ह्या दोन्हीतलं कुठलंच यंत्र साखर मोजत नाही, अल्कोहोल मोजत नाही, काहीच मोजत नाही. एक यंत्र आवाज किती वेळात पलीकडं पोचला ते मोजतंय, दुसरं प्रकाश कुठल्या कोनाला वाकला ते मोजतंय, आणि दोघंही सोबत तापमान मोजतात. पुढं डिस्प्लेवर जो ब्रिक्स दिसतो तो आत भरलेल्या टेबलवरून काढलेला अंदाज असतो. तो अंदाज कधी खरा, तर द्रवात फक्त एकच गोष्ट कमी-जास्त होत असेल तेव्हाच. पाणी आणि साखर, बस्स. तिसरं काही आलं, हवा आली, मीठ आलं, अल्कोहोल आलं, की यंत्र खोटं बोलत नाही पण आकडा खोटा होतो. मीटर घेताना सगळे विचारतात ॲक्युरसी किती. मी आधी विचारतो की तुमच्या द्रवात काय काय बदलतंय.

आता प्रकाशाचं बघू. पाण्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वाकतो त्याचा आकडा, २० अंशाला १.३३३०, २० ब्रिक्सला १.३६३८, ५० ला १.४२०१, ६० ला १.४४१९. म्हणजे साखर वाढली की आकडा सरळ चढत जातो, कुठं खाली वळत नाही, आणि सिरपच्या पट्ट्यात एका ब्रिक्सला ०.००२३ च्या आसपास फरक पडतो, जो चांगला मीटर आरामात पकडतो. इनलाइन मीटरमध्ये नीलमणी नाहीतर स्पिनेलचा प्रिझम सिरपला चिकटून असतो, आतून एलईडीचा प्रकाश त्याच्या पृष्ठभागावर वेगवेगळ्या कोनातून पडतो, एका कोनापर्यंत प्रकाश सिरपमध्ये निघून जातो आणि त्याच्या पुढं सगळा परत फिरतो. ती उजेड-अंधाराची सीमा सेन्सरवर कुठं पडली त्यावरून अपवर्तनांक. एर्न्स्ट आबे ह्यानं १८६९ साली जो रिफ्रॅक्टोमीटर बनवला तो ह्याच तत्त्वावर, फक्त तिथं माणूस डोळा लावून बघायचा आणि इथं सेन्सर बघतोय.

ह्यात खरी महत्त्वाची गोष्ट अशी की मीटर ज्या परत फिरलेल्या प्रकाशावर चालतो तो सिरपमध्ये आत जातच नाही म्हटलं तरी चालेल. जो परत फिरतो तो प्रिझमला लागून असलेला एका मायक्रॉनपेक्षाही पातळ थर चाचपून परत येतो. म्हणून बुडबुडे असोत, रंग काळा असो, दाणा असो, रिफ्रॅक्टोमीटरला फार फरक पडत नाही. पॅनमध्ये (सिरप उकळून साखरेचा दाणा बनवतात त्या भांड्यात) म्हणूनच तो एवढा चालतो, तिथं अर्धा माल स्फटिक असतो पण मीटर फक्त मधल्या द्रावणाचा ब्रिक्स सांगतो, आणि पॅनवाल्याला ग्रेन (दाणा) धरायला नेमकं तेच पाहिजे असतं. पण हाच गुण उलटतोही. त्या पातळ थराच्या जागी मळाचा थर बसला की मीटर मळाचा अपवर्तनांक सांगत बसतो आणि पाइपातून काय वाहतंय ह्याचा त्याला पत्ताच नसतो.

आवाजाचं नेमकं उलटं आहे. आवाज ह्या टोकाकडून त्या टोकाकडं अख्ख्या द्रवातून जातो. २० अंशाच्या पाण्यात सेकंदाला १४८२ मीटर, म्हणजे दोन सेन्सरमध्ये १०० मिलिमीटर अंतर असेल तर साधारण साडेसदुसष्ट मायक्रोसेकंद लागतात. आवाजाचा वेग ठरतो दोन गोष्टींवर, द्रव किती जड आहे आणि दाबला तर किती दबतोय. साखर घातली की द्रव जड होतो, त्यानं वेग कमी व्हायला पाहिजे, पण साखर पाण्याला इतकी घट्ट धरते की ते दबायचं लई कमी होतं आणि एकूण वेग वाढतोच. पातळ रसात एका ब्रिक्सला ३ मीटर किंवा थोडं वर.

इथंच खरी मेख आहे, नीट बघ. पाण्याचं तापमान २० अंशाच्या आसपास १ अंशानं वाढलं तर आवाजाचा वेग पण ३ मीटरच्या आसपासच वाढतो. म्हणजे आरटीडी (मीटरचा तापमान सेन्सर) एक अंश चुकला की अल्ट्रासॉनिक एक ब्रिक्सच्या जवळपास चुकला. रिफ्रॅक्टोमीटरला तोच एक अंश ०.०६ ते ०.०८ ब्रिक्सला पडतो. दहापटीपेक्षा जास्त फरक. आता कुणी अल्ट्रासॉनिकचा डेमो द्यायला आला की तो बादलीत खोलीच्या तापमानाला द्रावण घेऊन दाखवतोय, आरटीडीला स्थिर व्हायला पाच मिनिटं देतोय आणि आकडा झकास येतोय. तुझ्या लाइनला व्हॅक्यूम हलला की तापमान दोन-तीन अंश वर-खाली होतंय आणि जाड थर्मोवेलमधल्या (धातूच्या संरक्षक नळीतल्या) आरटीडीला ते कळायला अर्धा-एक मिनिट लागतंय. तेवढा वेळ ट्रेंडवर जो डोंगर दिसतो तो साखरेचा नसतो.

पाण्याची अजून एक गंमत आहे. बहुतेक द्रवांत तापमान वाढलं की आवाज हळू होतो, पाण्यात मात्र ७४ अंशापर्यंत वाढत जातो, १५५५ च्या आसपास पोचतो आणि मग उतरतो. त्या शिखराच्या आसपास तापमानाचा परिणाम जवळजवळ नसतोच. साखर घातली की हे शिखर खालच्या तापमानाकडं सरकतं, म्हणून पातळ द्रवाचं करेक्शन आणि घट्ट सिरपचं करेक्शन एकच धरून चालत नाही, कधी कधी चिन्हसुद्धा बदलतंय. टेबल भरताना ही चूक मी दोन ठिकाणी तरी बघितलीय.

आणि हवा. पाणी आणि हवा ह्यांच्यातला ध्वनीचा विरोध इतका वेगळा आहे की त्यांच्या सीमेवर ९९.९ टक्क्यांपेक्षा जास्त आवाज परत फिरतो. म्हणजे बारीक बुडबुड्यांचा पडदा हा आवाजासाठी भिंतच. आता तुझी लाइन डोळ्यासमोर आण. शेवटची बॉडी व्हॅक्यूमवर, सिरप पंप त्या व्हॅक्यूमातून ओढतोय, ग्लँड (पंपाच्या दांड्याभोवतीचं पॅकिंग) जराशी ढिली असली तरी तिथून सिरप बाहेर गळत नाही, हवा आत जाते. बाहेरून पंप कोरडा ठाक दिसतो आणि आत सिरपमध्ये फेस. असल्या लाइनला मी एकदा अल्ट्रासॉनिकसाठी तीन आठवडे झुंजलोय. ते नाव घेत नाही, पण तिथं रोज रात्रपाळीला रीडिंग उड्या मारायचं, दिवसा नीट. सगळ्यांनी केबल बदलली, अर्थिंग बघितलं, कार्ड बदललं. शेवटी मी रात्री दोन वाजता स्वतः पंपापाशी उभा राहिलो तेव्हा कळलं की रात्री सीलिंगच्या पाण्याचा व्हॉल्व्ह कुणीतरी बारीक करायचं, कारण ग्लँडचं पाणी सिरपमध्ये जाऊन ब्रिक्स पडतोय अशी तक्रार होती. पाणी कमी झालं की ग्लँडमधून हवा ओढली जायची. मी मेणबत्ती धरली ग्लँडपाशी तर ज्योत आत खेचली जात होती. पॅकिंग बदललं, प्रश्न मिटला. यंत्र पहिल्या दिवसापासून खरं सांगत होतं की सिरपमध्ये हवा आहे, आम्ही त्याला ब्रिक्स विचारत होतो.

म्हणून तुझ्या साहेबांना सांग की त्या जागी अल्ट्रासॉनिक बसवला तर आजच्या दीड ब्रिक्सच्या फरकाऐवजी रोजची कटकट विकत घ्यावी लागेल.

मग तुझा फरक कुठून येतोय? मला मीटरवर संशय कमी आहे, लॅबवर जास्त आहे, आणि हे केमिस्टला कमी लेखून सांगत नाही. आधी हे विचार की लॅब ब्रिक्स कशानं काढते. आपल्याकडं कित्येक लॅबमध्ये अजून स्पिंडल (द्रवात तरंगणारा हायड्रोमीटर) आहे. स्पिंडल घनता बघतो, मीटर प्रकाश बघतो. शुद्ध साखरेच्या पाण्यात दोघांचं उत्तर एकच येतं कारण दोघांची टेबलं शुद्ध साखरेवरच बनलीत. पण सिरपमध्ये नुसती साखर नसते, उसातले क्षार असतात, आणि क्षार घनता जास्त वाढवतात, प्रकाश तेवढा वाकवत नाहीत. म्हणून अशुद्ध मालात स्पिंडलचा ब्रिक्स हा रिफ्रॅक्टोमीटरच्या ब्रिक्सपेक्षा वरच येणार. सिरपला थोडा, मळीत तर कित्येक अंकांचा. तुझा मीटर कमीच दाखवतोय, कधी जास्त नाही, हे तू स्वतः लिहिलंयस. हे अगदी जुळतंय.

त्यात डायल्यूशनची भर. घट्ट सिरपमध्ये स्पिंडल नीट तरंगत नाही म्हणून पाणी घालून पातळ करतात, रीडिंग घेतात आणि गुणतात. पाणी वजनानं घातलं की मापानं? मापानं घातलं असेल तर तिथंच गडबड, आणि वजनानं बरोबर घातलं तरी रीडिंगमधली चूक पण गुणली जाते. शिवाय स्पिंडलवर बारीक अक्षरात लिहिलेलं तापमान बघ, २० अंश का २७.५ अंश. एका लॅबमध्ये मला दोन्ही प्रकारचे स्पिंडल एकाच स्टँडमध्ये उभे दिसले होते आणि ज्या पाळीला जो हाताला लागेल तो.

लॅबमध्ये हातातला रिफ्रॅक्टोमीटर असेल तरी हे बघ की त्याचं आपोआप तापमान करेक्शन साधारण १० ते ३० अंशापर्यंतच असतं. ५५-६० अंशाचं सिरप थेंबभर टाकून लगेच डोळा लावला तर ते रीडिंग कामाचं नाही. आणि सॅम्पल कसं येतंय तेही बघ. पोरगा उघड्या स्टीलच्या मगात सॅम्पल धरतो, जिन्यानं खाली येतो, वाटेत कुणाशी तरी दोन शब्द बोलतो, लॅबमध्ये मग टेबलावर पडून राहतो. दहा मिनिटांत वर साय धरल्यासारखा थर येतो. पाणी उडालं, ब्रिक्स वाढला. ह्याला उपाय साधा आहे, झाकणाची बाटली काठोकाठ भरायची, टॅप उघडून आधी थोडं सोडून द्यायचं, बाटली गार पाण्यात ठेवून थंड करायची आणि मग उघडायची. आणि सॅम्पलचा टॅप मीटरच्या जवळ पाहिजे. मीटर पंपानंतर आणि टॅप दुसऱ्या टाकीच्या तोंडाला असं असेल तर दोन वेगळ्या वेळेचा माल तुलना करतोयस.

हे सगळं बघून झाल्यावर मीटरकडं ये. मळाचा संशय असेल तर ट्रेंड बघ. मळ बसतोय तर फरक हळूहळू सरकत जाईल, आज ०.५, चार दिवसांनी १, आणि क्लिनिंगनंतर परत जुळेल. फरक रोज सारखाच दीड असेल तर तो मळ नव्हे. मी एकदा गळीत हंगामाच्या दीड महिन्यानंतर एक प्रिझम बाहेर काढला तर त्यावर चहाच्या कपाला आत डाग पडतो तसा तपकिरी पापुद्रा होता, बोट फिरवलं तर गुळगुळीत लागायचा, म्हणजे नुसतं हात लावून कळलंच नसतं. कोमट पाण्यात भिजवलेल्या मऊ कापडानं पाच मिनिटं पुसला, मग डिस्टिल्ड वॉटरचा थेंब ठेवला तर शून्य आला. पुसायच्या आधी त्याच पाण्याला तो ४ च्या वर दाखवत होता. खरवडू नको कधी, सुरी-ब्लेड अजिबात नको, प्रिझमला चरा पडत नसला तरी कडेचं सील फाटतंय.

मळ बसू नये म्हणून जागा महत्त्वाची. सिरपचा वेग प्रिझमपाशी सेकंदाला दीड मीटरच्या वर पाहिजे, मग तो स्वतःच घासून साफ राहतो. जाड पाइपमध्ये वेग कमी असेल तर तेवढाच तुकडा बारीक कर. उभ्या पाइपला, खालून वर जाणाऱ्या प्रवाहात, एल्बोवर प्रवाह तोंडावर येईल असा बसव. आडव्या पाइपच्या वरच्या बाजूला कधीच नको, तिथं हवा साठते, खालच्या बाजूला पण नको, तिथं गाळ बसतो. गरम पाण्याचा नाहीतर वाफेचा वॉश नोझल लाव आणि वॉशच्या वेळेत पीएलसीतलं (कंट्रोलच्या कॉम्प्युटरमधलं) रीडिंग होल्ड कर, नाहीतर कंट्रोल व्हॉल्व्ह वॉशच्या पाण्यावरच नाचतो.

आता दुसरा भाग, डिस्टिलरी. इथं साहेबांचं म्हणणं का पटतंय ते सांगतो. पाण्यात अल्कोहोल घालत गेलो तर अपवर्तनांक १.३३३० पासून वाढत जातो, वजनानं ७५-८० टक्क्यांच्या आसपास १.३६५ च्या जवळ शिखर गाठतो आणि मग चक्क खाली येतो, शुद्ध अल्कोहोल १.३६१. म्हणजे एकच अपवर्तनांक दोन वेगवेगळ्या स्ट्रेंग्थचा असू शकतो, आणि नेमक्या आपल्या कामाच्या वरच्या टोकाला रेघ जवळजवळ आडवी आहे. रेक्टिफाइड स्पिरिटच्या (डिस्टिल करून काढलेल्या तीव्र अल्कोहोलच्या) लाइनवर रिफ्रॅक्टोमीटर लावून काही हाती लागत नाही. आवाजाचं पण शिखर आहेच, वजनानं पाव भागाच्या आसपास वेग १६०० च्या पुढं जातो आणि मग घसरत घसरत शुद्ध अल्कोहोलला ११६० च्या आसपास येतो. पण बघ, ते शिखर खालच्या टोकाला आहे. वरच्या टोकाला स्वच्छ उतार आहे, एकेका टक्क्याला चांगला फरक पडतो. शिवाय स्पिरिट स्वच्छ असतं, फेस नाही, मळ नाही. म्हणून तिथं आवाज चालतो. फक्त तापमान जपावं लागतं, अल्कोहोलमध्ये एक अंश वाढला की वेग साडेतीन मीटरच्या आसपास कमी होतो, पाण्याच्या उलट दिशेनं. आणि साठ्याचा हिशेब घनतेवरच ठेवा, हा मीटर कॉलम (स्पिरिट वेगळं काढायचा मनोरा) चालवायला.

पण फर्मेंटरला असलं काही लावायचं डोक्यात असेल तर थांब. तिथं साखर कमी होत जाते आणि अल्कोहोल वाढत जातं, म्हणजे दोन गोष्टी एकाच वेळी बदलतात. आवाजाचा वेग साखरेनं पण वाढतो, ह्या पट्ट्यात अल्कोहोलनं पण वाढतो. अपवर्तनांकाचं पण तसंच. म्हणून वॉश (फर्मेंटरमधला आंबणारा माल) पूर्ण उतरला तरी रिफ्रॅक्टोमीटर भलताच ब्रिक्स दाखवत राहतो आणि नवीन मुलं म्हणतात फर्मेंटेशन अडकलं. घनता मात्र साखरेनं वाढते आणि अल्कोहोलनं कमी होते. दोन अज्ञात असले की दोन समीकरणं लागतात हे आपण शाळेत शिकलोय, तेच इथं. घनता आणि आवाज एकत्र घेतला की साखर आणि अल्कोहोल वेगळं काढता येतं, बिअरवाले हे बऱ्याच वर्षांपासून करतात. पण कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे काढून टाकायला लागतात, त्यासाठी छोटी बायपास लाइन, गॅस काढायची सोय, थोडा दाब, एवढं सगळं आलं. पैसे आणि माणूस दोन्ही असेल तरच.

सल्फ्युरिक ॲसिडवाल्यांची पण अशीच गोष्ट आहे. ९५ टक्क्यांच्या पुढं घनतेची रेघ सपाट होते, ९८ च्या जवळ शिखर येतं आणि परत उतरते, त्यामुळं हायड्रोमीटरनं काही सांगता येत नाही, आवाज मात्र त्या पट्ट्यात सरळ जातो. म्हणून तिथं अल्ट्रासॉनिकचं राज्य.

बुडबुडे आणि आवाज हे ज्याला कळत नाही त्याला मी गावच्या दूध संस्थेचं उदाहरण देतो, कारण आपल्याकडं हे यंत्र सगळ्यात जास्त तिथंच आहे, फक्त कुणी त्याला अल्ट्रासॉनिक म्हणत नाही. संकलन केंद्रावरचं ते डबीएवढं मशीन, ज्यात नळी बुडवली की मिनिटाभरात फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) छापून येतो, त्यात बहुतेक ठिकाणी आवाजाचाच वेग मोजला जातो. फॅट आणि बाकीचे घन पदार्थ तापमानाप्रमाणं वेगवेगळं वागतात, त्यावरून मशीन दोघांना वेगळं काढतं. आमची काकू एकदा रडवेली होऊन आली, म्हशीला काही कमी केलं नाही आणि फॅट एकदम पडलं, अशानं महिन्याचा दर जातो म्हणून. मी तिच्यासोबत सकाळी गेलो. दूध नुकतं काढलेलं, कोमट, चुलतभावानं गाडीवरून किटली हिंदकळत आणलेली, आणि सॅम्पल उंचावरून ओतलेलं, वर दोन बोटं फेस. मी ऑपरेटरला हात जोडून म्हटलं, हेच सॅम्पल पाच मिनिटं राहू द्या, हलक्या हातानं ढवळा आणि परत लावा. परत लावल्यावर फॅट तिच्या रोजच्या आकड्याला आलं. तिथं हवा काढायचा छोटा अल्ट्रासॉनिक स्टरर कोपऱ्यात धूळ खात पडला होता, मशीनसोबतच आलेला. तो सुरू करायला सांगून आलो. एका बाईच्या महिन्याच्या बिलाचा प्रश्न होता आणि उत्तर चार बुडबुड्यांत होतं, म्हणून हे मी कुठंही सांगतो.

शिरोली-गोकुळ शिरगावच्या मशीन शॉपवाल्यांनी हे वाचलं तर त्यांच्यासाठी दोन ओळी. कूलंटला रिफ्रॅक्टोमीटरचं रीडिंग म्हणजे टक्के नव्हेत. कंपनीच्या कागदावर फॅक्टर असतो त्यानं गुणायचं, ३ ब्रिक्स आणि फॅक्टर १.७ तर ५.१ टक्के. टाकीत स्लाइडवेचं (मशीनच्या सरकत्या भागांचं) तेल मिसळलं की आतली रेघ धूसर होते आणि आकडा वर जातो, ऑपरेटर म्हणतो घट्ट झालं, पाणी ओततो, आणि आठवड्यात जॉबला गंज. आधी वरचं तेल काढा, मग सॅम्पल तेलाखालून घ्या. सायझिंगला पण तेच, खळ गार झाली की रीडिंग काय कामाचं नाही.

अल्ट्रासॉनिक घेताना अजून एक सांगायचं राहिलं. पाइपच्या बाहेरून पट्ट्यानं बांधायचे सेन्सर फ्लोला ठीक आहेत, कॉन्सन्ट्रेशनला नकोत. १०० मिलिमीटरच्या वाटेत ०.१ मिलिमीटरची चूक म्हणजे ०.१ टक्का, म्हणजे दीड मीटर वेग, म्हणजे अर्धा ब्रिक्स. आतून पापुद्रा बसला, पाइप गरम होऊन फुगला, की झालं. फोर्क (दोन दात्यांचा सेन्सर) किंवा ठरलेल्या अंतराचा स्पूलच (सेन्सर बसवलेला तयार पाइपचा तुकडा) घ्या, ज्यात आरटीडी त्याच तोंडाला असतो.

आणि टेबल स्वतःचं बनव, व्हेंडरचं टेबल दुसऱ्या कुणाच्यातरी सिरपवर बनलेलं असतं. हे काम दोन दिवसांचं आहे. आपल्याच मालाची पाच वेगळी सॅम्पलं, प्रत्येक चार तापमानाला, वीस रीडिंग. वजनकाट्यावर ५० ग्रॅम साखर आणि ५० ग्रॅम डिस्टिल्ड वॉटर घेऊन नीट विरघळवलं की ५० ब्रिक्स, त्यावर वाद घालायला जागाच नाही. कुठलाही मीटर, कुठलाही केमिस्ट, कुठलाही स्पिंडल, त्या बाटलीसमोर उभा करायचा. मात्र साखर कोरडी पाहिजे आणि बाटली झाकलेली.

तुला आता नेमकं करायचंय ते असं. उद्या सकाळी ही ५० ब्रिक्सची बाटली बनव. मीटर लाइनमधून काढ, पुस, पाण्यावर शून्य बघ, मग ह्या बाटलीवर बघ. तीच बाटली लॅबला दे, काय आहे ते न सांगता नव्हे, केमिस्टला सोबत घेऊन, त्याच्यासमोर, नाहीतर उगाच मनं दुखावतात आणि पुढचे सहा महिने सॅम्पल नीट येत नाही. दोन्ही ५० आले तर यंत्रं दोन्ही बरोबर आणि फरक क्षारांचा. मग आठवडाभर रोज तीन वेळा झाकणाच्या बाटलीत सॅम्पल घेऊन दोन्ही आकडे शेजारी-शेजारी लिही, मीटरजवळचं तापमान पण लिही. फरक स्थिर असेल तर मीटरमध्ये तेवढा ऑफसेट टाक आणि रजिस्टरला नोंद कर की हा लॅबच्या स्पिंडलशी जुळवायला टाकलाय, म्हणजे पुढच्या हंगामात लॅबनं पद्धत बदलली तर कुणाला तरी कळेल. बाटलीवर मीटर ५० नाही आला तर मला सीमारेषेच्या सिग्नलचा फोटो आणि आठवड्याचा ट्रेंड पाठव, प्रिझम गेलाय का सील गेलंय ते त्यावरून सांगता येईल.